ताकायामा जिन्या बघायला जाताना : आधी मोजे तपासा, मग नकाशा

जपानमध्ये नागोयात राहायला आल्यापासून दरवर्षी दोन-तीन तरी पाहुणे भारतातून येतात आणि प्रत्येकाला हिदा-ताकायामा या डोंगरातल्या जुन्या गावाला न्यायचं काम माझ्याकडे येतं. लाल पूल, लाकडी घरांच्या जुन्या गल्ल्या, सकाळचा बाजार, सगळं त्यांना आवडतं. 'जिन्या'त, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी कचेरीत, मात्र ते वीस मिनिटांत उरकून बाहेर येतात आणि म्हणतात, "छान आहे, पण आत काही नाहीच गं. रिकाम्या खोल्या!" पहिल्या खेपेला मीही असंच केलं होतं. नंतर सासऱ्यांबरोबर गेले तेव्हा आम्हाला दोन तास पुरले नाहीत. अण्णांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. त्यांना ती वास्तू मला दिसली त्याच्या आधी कळली, कारण ते ती राजवाडा म्हणून बघतच नव्हते. ते कचेरी बघत होते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

जायच्या आधी दहा मिनिटं इतिहास

नावात जिन्या असला तरी चढायला जिना नाही. बघायचं सगळं तळमजल्यावरच आहे. 'जिन्या' म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या, जपानच्या तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, काळातली कचेरी. सारावसुली, न्यायनिवाडा, धान्याचं कोठार आणि अधिकाऱ्याचं राहतं घर असं सगळं एकाच आवारात. आपल्या मामलेदार कचेरीला कोठार आणि साहेबाचा बंगला चिकटवला की साधारण कल्पना येते.

हिदा हा ताकायामाभोवतीचा डोंगराळ मुलूख आधी कानामोरी घराण्याकडे होता. त्यांचा किल्ला शहरालगतच्या टेकडीवर होता. 1692 मध्ये शोगुनांनी कानामोरींना उचलून उत्तरेला 'देवा' नावाच्या प्रांतात पाठवलं आणि हिदा थेट स्वतःच्या ताब्यात घेतला. भातशेती बेताचीच असलेला हा प्रदेश त्यांना कशाला हवा होता? लाकडासाठी आणि खाणींसाठी. इथली जंगलं उत्तम इमारती लाकडाची, आणि डोंगरात चांदी, तांबं, शिसं. सुतारकामात तर हिदाचं नाव इतकं जुनं, की हजार-बाराशे वर्षांपूर्वी या प्रांताला काही करांऐवजी राजधानीत सुतार पाठवावे लागत.

किल्ला 1695 मध्ये पाडला आणि खाली गावात असलेल्या कानामोरींच्या एका वाड्यात कचेरी थाटली. 1692 पासून 1868 पर्यंत, म्हणजे 177 वर्षं, एदोहून (आजच्या तोक्योहून) नेमलेले 25 अधिकारी एकामागून एक इथे आले. सुरुवातीला त्यांचा हुद्दा 'दाइकान' होता. 1777 पासून तो वाढवून 'गुंदाई' केला. पुढे शोगुनशाही जाऊन सम्राटाचं मेइजी सरकार आलं तरी इमारतीचं काम तेच राहिलं, फक्त पाट्या बदलल्या. 1969 पर्यंत इथे सरकारी कार्यालयं चालू होती. म्हणूनच ही वास्तू टिकली, असं माझं मत. चालू कचेरी सहसा कोणी पाडत नाही, डागडुजी करत राहतात. शोगुनशाहीच्या अखेरीला जपानभर अशा साठेक कचेऱ्या होत्या. त्यांतली मुख्य इमारतीसकट उरलेली ही एकच. 1929 पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि कार्यालयं हलल्यावर जुन्या नकाशांबरहुकूम दुरुस्तीचं काम 1996 पर्यंत चाललं.

एवढं डोक्यात ठेवलंत तरी पुरे. बाकीचं तिथे गेल्यावर जमिनीकडे बघून कळतं. कसं ते पुढे सांगते.

पोचायचं कसं

नागोयाहून 'हिदा' नावाची एक्स्प्रेस थेट ताकायामाला जाते. साधारण अडीच तास लागतात. नवख्यांची हमखास तारांबळ उडते ती आसनांवरून. नागोयाला गाडीत चढलात की सगळ्या खुर्च्या उलट्या दिशेला असतात आणि गाडी पाठीमागे निघते. घाबरू नका, गाडी चुकलेली नाही. गिफूला ती दिशा बदलते आणि मग सरळ चालते. तेवढ्यासाठी खुर्ची फिरवत बसू नका, कोणीच फिरवत नाही. गिफूनंतर थोड्या वेळाने नदीची साथ सुरू होते, तेव्हा मोबाइल खाली ठेवा.

तोक्योहून येणाऱ्यांनी शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) नागोयाला यावं किंवा होकुरिकु शिनकानसेनने तोयामाला जाऊन तिथून खाली उतरावं. तोक्योतल्या शिंजुकूहून थेट बसही आहे. ती स्वस्त पडते, पण साडेपाच तास बसायची तयारी हवी.

ताकायामा स्टेशनपासून जिन्या चालत दहाएक मिनिटांवर आहे. रिक्षा-टॅक्सीचा विचारच नको. मोठ्या बॅगा मात्र स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. आत पाठीवरची मोठी सॅक घेऊन वळलात की कागदी दारांना धक्का लागतो, आणि ती दारं कागदाचीच आहेत हे तेव्हा फार नीट कळतं.

कधी जायचं

सकाळी. याला दुसरं उत्तर नाही. जिन्या पावणेनऊला उघडतो. त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत सकाळचा बाजार भरतो तो उन्हाळ्यात सातला आणि हिवाळ्यात आठला. तासभर आधी पोचा. आसपासच्या खेड्यांतल्या आज्या भाजी, लोणची, फुलं, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घेऊन बसलेल्या असतात. नदीकाठचा बाजार मोठा आहे आणि पर्यटकांची झुंबडही तिकडेच. जिन्यासमोरचा छोटा आहे, आपल्या आठवडी बाजारातल्या एखाद्या ओळीएवढा. घासाघीस करू नका, तशी पद्धत नाही. सुटी नाणी जवळ ठेवा.

दार उघडताच आत शिरलात तर पहिला पाऊण तास खोल्या जवळजवळ तुमच्याच. साडेदहानंतर सहलीच्या बसेस येतात, झेंडा धरलेला मार्गदर्शक पुढे आणि चाळीस माणसं मागे. संध्याकाळी पाचला बंद होतो, थंडीच्या महिन्यांत साडेचारला. वर्षाअखेरीचे काही दिवस आणि 1 जानेवारीला पूर्ण बंद. तिकीट प्रौढांना चार-पाचशे येनच्या घरात. शाळेत जाणाऱ्या मुलांना, अगदी बारावीच्या वयापर्यंत, काही पडत नाही.

14-15 एप्रिल आणि 9-10 ऑक्टोबर हे गावच्या जत्रेचे दिवस. रथ बघायचे असतील तर जरूर या, पण कचेरी निवांत बघायची असेल तर हे चार दिवस टाळा. शिवाय या दिवसांत राहायला जागा मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट.

मोजे

याला वेगळं शीर्षक द्यायचं कारण आहे. आत पादत्राणं चालत नाहीत. बूट काढून हातात दिलेल्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी सगळीकडे बरोबर वागवायची. माझ्या पहिल्या खेपेला उजव्या अंगठ्याचं भोक घेऊन मी अख्खी कचेरी हिंडले, आणि जपानी लोक इतके सभ्य की कोणीही तिकडे पाहिलं नाही. ते पाहत नाहीत हेच जास्त लागतं!

तेव्हा भोक नसलेले मोजे घाला. उन्हाळ्यात चपला घालून आलात तरी खिशात एक जोड ठेवा. आणि डिसेंबर ते मार्च येणार असाल तर लोकरीचे जाड मोजे, शक्यतो दोन जोड. आत हीटर नसल्यात जमा. ताकायामात थंडीत पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि लाकडी फरशी तळपायातून थेट गुडघ्यांपर्यंत चढते. अण्णांना आम्ही फेब्रुवारीत नेलं होतं. माकडटोपी, शाल, सगळा सरंजाम होता, मोजे मात्र पातळ सुती. अर्ध्यावर मी माझा जादा जोड त्यांना दिला, तो गुलाबी होता, आणि पुढचा तास ते गुलाबी मोज्यांत शोगुनाच्या सारावसुलीवर बोलत होते.

बूट नाडीचे नकोत. पटकन निघणारे, पटकन चढणारे घाला.

आत शिरताना

दरवाजातून आत आलात की समोर मुख्य प्रवेशकक्ष दिसतो, 'गेन्कान'. 1816 मध्ये बांधलेला. तुम्हाला तिथून आत जाता येणार नाही, बाजूने वळवलं जाईल. रागावू नका. त्या काळीही तुम्हा-आम्हाला तिथून प्रवेश नव्हताच. ती वाट गुंदाई आणि शोगुनाकडून आलेल्या बड्या पाहुण्यांची. खालच्या अधिकाऱ्यांचं दार वेगळं. गावचे प्रतिष्ठित आणि देवळांतले भिक्षू यांची थांबायची खोलीही वेगवेगळी.

गेन्कानसमोर उभं राहून आतल्या भिंतीकडे बघा. निळसर रंगात एकावर एक लाटांच्या कमानींची नक्षी दिसेल. तिला 'सेइगाइहा' म्हणतात. चारही बाजूंनी डोंगर आणि समुद्र कुठेच नाही अशा गावात स्वागताला लाटा, ही गंमत मला दर वेळी नव्याने वाटते.

तिकिटाबरोबर मिळणारं माहितीपत्रक इंग्रजीतही असतं. जपानीतून समजावून सांगणारे मार्गदर्शक मोफत मिळतात. इंग्रजी बोलणारा मोकळा आहे का ते खिडकीवरच विचारा. असेल तर सोडू नका. फोटो काढायला हरकत नसते. फक्त जिथे दोरी लावली आहे तिच्या पलीकडे हात घालू नका.

आता जमिनीकडे बघा

रिकाम्या खोल्या आहेत ही तक्रार खरीच आहे. टेबलं नाहीत, खुर्च्या नाहीत, पंखे नाहीत, लाल फडक्यातली दप्तरं नाहीत. पण कोण मोठा आणि कोण छोटा हे सगळं या इमारतीत पायांखाली लिहून ठेवलं आहे.

तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, सगळीकडे सारख्या वाटतात. वाकून त्यांचे काठ बघा. साहेबाच्या खोलीत काठाला नक्षीचं कापड आहे. पुढे कुठे ते साधं, एकरंगी होतं. आणखी खालच्या दर्जाच्या खोल्यांत चटयांना काठच नाहीत. आणि त्याही खाली गेलात की चटई संपते आणि उघडी फळी लागते. साडीच्या काठावरून घरची परिस्थिती ओळखणाऱ्या बायकांना हे समजवावं लागत नाही. माझ्या आईला मी एकदाच काठ दाखवले, पुढच्या प्रत्येक खोलीत शिरताच ती स्वतः सांगायला लागली, "ही कारकुनाची. ही साहेबाची." दहापैकी नऊ वेळा बरोबर.

(काठावर पाय देऊ नये, असा जपानी शिरस्ता आहे. उंबरठ्यावरही नाही. हे मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको.)

मोठा दिवाणखाना तीन खोल्यांचा मिळून आहे. मधली सरकती दारं काढली की 49 चटयांची एक सलग जागा होते. इथे समारंभ, बैठका. तिथे पायऱ्यांपाशी बसा, बाहेर बाग आहे. बर्फात ती सर्वांत सुंदर दिसते, पण तेव्हा फार वेळ बसवत नाही.

गर्दी नसेल तर सशांचा शोध घ्या. लाकडावरच्या खिळ्यांची डोकी झाकायला जे लोखंडी झाकण बसवतात ते इथे सशाच्या आकाराचं आहे, समोरून तुमच्याकडे रोखून बघणारा, दोन लांब कानांचा. कान मोठे म्हणजे रयतेचं ऐकणारा, असं एक स्पष्टीकरण सांगतात. ससा आगीपासून राखतो असंही सांगतात. मुलांना घेऊन गेला असाल तर "किती ससे सापडतात बघू" एवढंच म्हणा, पुढचा अर्धा तास तुमचा.

स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या, चहाची खोली, संडासातसुद्धा चटई, हे सगळं ओघात दिसतं. गुंदाईच्या राहत्या घराचा भाग नंतर पुन्हा उभारलेला आहे. लाकडाच्या रंगावरून ते लक्षात येतं.

जिथे चटई नाही ती जागा

दोन ठिकाणी 'ओशिरासु' आहे. म्हणजे न्यायनिवाड्याची जागा. एक दिवाणी तंट्यांसाठी, दुसरी फौजदारी. वर अधिकारी चटईवर, खाली आरोपी खड्यांवर. फौजदारीच्या जागेत ते दगड ओबडधोबड आहेत आणि बाजूला कबुलीजबाबासाठीची साधनं मांडली आहेत. धारदार कंगोऱ्यांची लाकडी फळी, तिच्यावर गुडघे टेकवून बसवायचं आणि मांड्यांवर दगडी लाद्या ठेवत जायचं. कैद्याला वाहून न्यायची पिंजऱ्यासारखी पालखीही तिथेच आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

पर्यटक इथे चेष्टेने फोटो काढतात. काढावेत की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी तिथे सोबतच्यांना एक हकिगत सांगते.

1770 च्या दशकात इथला दाइकान होता ओहारा हिकोशिरो. वसुली वाढवायची म्हणून त्यानं 1773 मध्ये नव्याने जमीनमोजणी काढली. आधी फक्त नवी लागवड मोजू म्हणाले, मग जुन्या शेतांनाही साखळी लावली. कागदावर उत्पन्न दहा हजार कोकूंहून जास्त वाढलं. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाच्या वर्षाचा शिधा. शेतात दाणा एकही वाढला नव्हता. लोक उठले, देवळाच्या आवारात जमले, आणि शेजारच्या सरदारांची फौज आणून ते मोडून काढलं. पुढाऱ्यांत होंगो गावचा झेंकुरो नावाचा पोरगा होता. 1774 मध्ये त्याला देहदंड दिला तेव्हा तो 18 वर्षांचा होता. हिकोशिरोला मात्र बढती मिळाली. 1777 ची ती दाइकानची गुंदाई झाली म्हणून वर लिहिलं आहे ना, ती हीच. त्याच्यानंतर त्याचा मुलगा आला, त्यानंही रयतेला पिळलं. या वेळी तक्रार थेट वरपर्यंत पोचली आणि त्याला दूरच्या बेटावर हद्दपार केलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत अठराएक वर्षं हे चाललं. 'ओहारा सोदो', म्हणजे ओहाराचा दंगा, या नावाने ते ओळखतात, आणि कोठाराच्या बाजूला याची कागदपत्रं मांडलेली आहेत.

हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोजणीचं निघालं की गाव पेटतं गं. कुठलंही असो."

कोठार शेवटी, पण घाईत नको

बहुतेक जण इथपर्यंत येताना दमतात आणि कोठारातून नुसते चालत बाहेर पडतात. उलट करा. खोल्यांमध्ये पाच मिनिटं वाचवा आणि इथे द्या.

हे तांदळाचं कोठार कचेरीहून जुनं आहे. 1600 च्या सुमारास किल्ल्यात बांधलेलं, आणि किल्ला पाडला त्या वर्षी, 1695 मध्ये, उचलून इथे आणून बसवलं. खिळ्यांवर कमी आणि खाचांवर जास्त अवलंबून असलेलं लाकूडकाम असं सुटं करून पुन्हा जोडता येतं. आत साऱ्याच्या तांदळाच्या पेंढ्याच्या गोण्या छतापर्यंत रचून दाखवल्या आहेत. बाहेर आल्यावर छपराकडे मान वर करून बघा. कौलं नाहीत. लाकडाच्या चिरलेल्या लांब फळ्या एकावर एक, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर वजनाला दगड. फळ्या करवतीने कापत नाहीत, रेषेच्या बाजूने फोडतात. म्हणजे लाकडाचे तंतू अखंड राहतात आणि पाणी मुरत नाही. काही वर्षांनी त्या काढून, उलटून पुन्हा घालतात.

अण्णा गोण्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी मार्गदर्शकाला विचारायला लावलं, "माप कोण धरायचं? यांचा माणूस की गावचा?" मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. ते वयस्कर गृहस्थ आधी हसले, मग काठोकाठ भरलेल्या लाकडी मापावरून पट्टी कशी ओढायची ते त्यांनी हातानेच करून दाखवलं. हलक्या हाताने ओढली तर शेतकऱ्याचं नुकसान, दाबून ओढली तर सरकारचं. अण्णांनी मान डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती.

बाहेर आल्यावर

बूट घाला, पिशवी परत करा. इतका वेळ हातात होती म्हणून अनेक जण ती तशीच घेऊन बाजारात जातात.

भूक लागलेली असणारच. शाकाहाऱ्यांसाठी इथे एक सोय आहे. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, 'मिताराशी दांगो'. जपानात इतरत्र यावर गोड पाक ओततात, ताकायामात मात्र नुसता सोया सॉस लावतात, त्यामुळे ते खमंग आणि खारट लागतात. सॉसमध्ये मासळीचा अर्क नाही ना, एवढं विचारून घ्या. दोन काड्या आणि गरम चहा झाला की लाल नाकाबाशी पूल ओलांडून जुन्या गल्ल्यांकडे वळा. तोवर तिथली दुकानं उघडलेली असतात, आणि सहलीच्या बसेसमधली माणसं नुकतीच जिन्याच्या दारात रांगेला लागलेली असतात.